‘स्किनर’ ते ‘सिकंदर’ : एका इंग्रजी आडनावाचा हिंदुस्थानातील अर्थप्रवास

१

दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्याजवळ पिवळसर रंगाचे, घुमटाचे एक चर्च आहे. सेंट जेम्स चर्च हे त्याचे नाव. १८२६ मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि २१ नोव्हेंबर १८३६ रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांच्या हस्ते त्याचे अर्पण झाले. आत वेदीसमोरच्या फरशीत एक साधी संगमरवरी शिळा आहे. तिच्याखाली हे चर्च बांधविणारा कर्नल जेम्स स्किनर विसावला आहे. ४ डिसेंबर १८४१ रोजी हांसी येथे त्याचा मृत्यू झाला. प्रथम त्याला तेथेच पुरले होते. पुढच्या जानेवारीत त्याचा देह तेथून काढून दिल्लीस आणण्यात आला.

शिळेवर ‘स्किनर’ हे नाव आहे. परंतु त्याच्या हयातीत हांसीपासून दिल्लीपर्यंतच्या मुलखात फार थोडे लोक त्याला या नावाने ओळखत असतील. त्यांच्या दृष्टीने तो ‘सिकंदर साहेब’ होता. प्रस्तुत निबंधात या दोन नावांमधील अंतराचा विचार करावयाचा आहे. प्रश्न वरकरणी उच्चाराचा वाटतो. ‘स्किनर’ हा शब्द हिंदुस्थानी जिभेला अवघड, त्याचे ‘सिकंदर’ होणे सोपे, एवढे म्हणून विषय संपविता येतो. मात्र आडनावाचा मूळ अर्थ लक्षात घेऊन स्किनरच्या आयुष्यातील एक प्रसंग पुन्हा वाचला की हा विषय इतक्या लवकर संपत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मराठीच्या अभ्यासकाने या इंग्रजी आडनावाकडे का वळावे, असेही विचारता येईल. त्याचे साधे उत्तर असे की स्किनर घडला तो मराठी फौजेत. शिंद्यांच्या कवायती फौजेला मराठीने ‘कंपू’ म्हटले. हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘कांपो’वरून आला. ‘पलटण’ आणि ‘गारदी’ हे शब्दही याच लष्करी देवघेवीतून आपल्याकडे रुळले. आज ‘कंपू’ म्हटले की आपल्याला साहित्यिकांचे गट आठवतात, फौज आठवत नाही. मूळ अर्थ विसरून शब्द जगतो, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

२

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे स्थिर झाली ती साधारणपणे नॉर्मन विजयानंतरच्या म्हणजे १०६६ नंतरच्या तीन शतकांत. अभ्यासक त्यांचे चार वर्ग करतात : गावावरून आलेली, वडिलांच्या नावावरून आलेली, व्यवसायावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. मराठी कोशकार म्हणून आपल्याला परिचित असलेल्या मोल्सवर्थ यांचे आडनाव पहिल्या वर्गातले. हंटिंग्डनशायरमध्ये त्या नावाचे गाव आहे. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती आणि तिच्या आधी येते ते मूळ धन्याचे नाव. आपल्या ‘वाडी’ची आणि ‘कर’ प्रत्ययाची आठवण व्हावी, अशी ही रचना आहे.

‘स्किनर’ हे तिसऱ्या वर्गातले, व्यवसायवाचक आडनाव. जनावराचे कातडे काढणारा, ते कमावणारा किंवा विकणारा तो ‘स्किनर’. यातील ‘स्किन’ हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत उतरला. त्याची खूण त्याच्या आरंभीच्या ध्वनीत आहे. जुन्या इंग्रजीत जेथे मुळात ‘स्क’ होता तेथे पुढे ‘श’ झाला, नॉर्समध्ये ‘स्क’ टिकून राहिला. म्हणून एकाच मुळाचे ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे दोन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी नांदतात. आपल्याकडे ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ किंवा ‘चर्म’ आणि ‘चाम’ नांदतात, त्याच प्रकारचे हे नाते आहे. फरक इतकाच की आपले जोडशब्द एकाच भाषाप्रवाहाच्या दोन अवस्था दाखवितात, तर इंग्रजीतील जोडशब्द दोन भगिनीभाषांची भेट दाखवितात.

आणखी मागे गेल्यास एक लक्षणीय साम्य दिसते. ‘स्किन’चा संबंध सोलण्याच्या, कापून वेगळे करण्याच्या अर्थाच्या मुळाशी जोडला जातो. संस्कृत ‘चर्मन्’ या शब्दाचे मूळही बहुतेक व्युत्पत्तिकार कापणे या अर्थाच्याच दुसऱ्या एका इंडो-युरोपीय धातूत शोधतात. आपले ‘कातडे’ ज्या ‘कृत्ति’वरून आले तिच्या मुळाशीही ‘कृत्’ म्हणजे कापणे हाच धातू आहे. म्हणजे तीन शब्दांनी एकच गोष्ट सांगितली : जे कापून काढले जाते ते कातडे. या भाषांनी वस्तूला नाव देताना त्या वस्तूवर काम करणाऱ्या हाताकडे पाहिले होते. तो हात कोणाचा, हा प्रश्न पुढे समाजाने विचारला.

३

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये एकसारखे दिले गेले नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे. लंडनच्या ‘स्किनर्स’ मंडळीला १३२७ मध्ये तिसऱ्या एडवर्डकडून सनद मिळाली. हे लोक मुख्यतः उंची लोकरी कातड्यांचे, म्हणजे फरचे, व्यापारी होते. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणती फर वापरावी, याचे नियम १३६३ च्या कायद्याने घालून दिले होते. साहजिकच ज्यांच्या हातातून दर्जाची चिन्हे जात, त्यांनाही दर्जा आला. शहरातील व्यापारी संघांच्या मानक्रमात शिंप्यांचा संघ वर की स्किनरांचा, यावरून तंटा झाला. १४८४ मध्ये लंडनच्या मेयरने निवाडा दिला की दोघांनी एक वर्षाआड सहावे आणि सातवे स्थान घ्यावे. मानपानाचे असे निवाडे पेशवे दप्तरात वाचलेल्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

याउलट ओले कातडे चुन्यात आणि सालीच्या पाण्यात भिजवून कमावणारे ‘टॅनर’ गावाच्या कडेला, नदीकाठी असत. त्यांच्या कामाला दुर्गंधी होती आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. ‘टॅनर’ आणि झाडाच्या सालीवरून आलेले ‘बार्कर’ ही आडनावे त्यांची. तेव्हा इंग्लंडमध्ये कातड्याच्या कामाला कमीपणा नव्हता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो होता. मात्र तो कामाला चिकटलेला होता. काम सोडले की दोन पिढ्यांत दुर्गंधी जाई आणि नाव तेवढे उरे. सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत ‘स्किनर’ नावाचा मनुष्य पाद्री, वकील किंवा सैनिक असू शके. त्याच्या नावात कातडे आहे, याची आठवण करून देण्याची गरज कोणाला वाटत नसे.

आपल्याकडेही अशी गोठलेली आडनावे आहेत. ‘फडणीस’ आज फडावर बसत नाहीत, ‘पोतनीस’ पोते सांभाळत नाहीत. ‘चिटणीस’ आडनावाच्या गृहस्थाला कोणी पत्र लिहावयास बसवीत नाही. ही आडनावे गोठू शकली, कारण त्यांतील हुद्दा प्रतिष्ठेचा होता. हुद्दा गेला, तरी प्रतिष्ठेचा अंश नावात राहिला. ‘चर्मकार’ या शब्दाला मात्र असे गोठण्याचे भाग्य मिळाले नाही. कातड्याला शिवलेला हातही ज्याच्या पूर्वजांच्या पाच पिढ्यांत नाही, त्यालाही तो शब्द चिकटलेला राहिला, कारण येथे तो शब्द कामाचे नाव राहिला नव्हता; तो जन्माचे नाव झाला होता. अर्थ शिळा होण्यासाठी काम आणि जन्म यांची फारकत व्हावी लागते. ती येथे होऊ दिली गेली नाही.

४

आता जेम्स स्किनरकडे येऊ. त्याचा जन्म १७७८ मध्ये झाला. वडील हर्क्युलीस स्किनर हे कंपनीच्या फौजेतील स्कॉटिश अधिकारी. आई भोजपूरकडील एका राजपूत जमीनदाराची मुलगी होती. बनारसच्या चेतसिंगाशी झालेल्या युद्धात ती वडिलांच्या हाती पडली, असे स्किनरने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. मुलींना शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला तेव्हा पडदा मोडतो म्हणून १७९० मध्ये तिने आत्महत्या केली. जेम्सला कलकत्त्याच्या एका छापखान्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तीन दिवसांत तो पळाला.

कंपनीच्या सेवेचा रस्ता त्याला बंद होता. १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी हिंदी मातांच्या मुलांना करारबद्ध मुलकी आणि लष्करी नोकऱ्यांतून वगळले होते. म्हणून तो शिंद्यांकडे गेला. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीस निवर्तले होते. दौलतरावांचा अंमल सुरू झाला होता आणि उत्तरेतील कंपू द बॉईन याच्या हाताखाली होते. पुढे त्याची जागा पेरों याने घेतली. स्किनर या फौजेत उमेदीची वर्षे राहिला. १८०१ मध्ये जॉर्ज थॉमस या आयरिश साहसवीराविरुद्धच्या मोहिमेत तो लढला. थॉमसने बांधलेल्या ‘जॉर्जगढ’चे लोकांनी ‘जहाजगढ’ केले आणि आजच्या झज्जर जिल्ह्यात ते गाव त्याच नावाने आहे. थॉमस मूळचा खलाशी होता, त्यामुळे ध्वनीबरोबर अर्थही जुळला. दिल्लीचा रेसिडेंट ऑक्टरलोनी याच्या नावातून लोकांनी ‘अख्तर’ म्हणजे तारा शोधून काढला, त्यातलाच हा प्रकार.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपण्याची चिन्हे दिसताच पेरोंने इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना सेवेतून दूर केले. स्किनर राहावयास तयार होता. त्याला ठेवले नाही. म्हणजे आईमुळे कंपनीने नाकारले आणि वडिलांच्या आडनावामुळे शिंद्यांच्या फौजेने नाकारले. नाव माणसाला कोठे पोहोचविते आणि कोठून हाकलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. तो लॉर्ड लेककडे गेला, पण जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, लढणार नाही, ही अट घालून.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजची लढाई झाली आणि दिल्ली शिंद्यांच्या हातून गेली. त्या लढाईचा एक स्मारकस्तंभ आज नॉयडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. पटपडगंजमध्ये सहकारी गृहसंस्था झाल्या आहेत. लढाईनंतर पेरोंच्या घोडदळातील सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांकडे आले. तुमचा सरदार कोण असावा, असे लेकने विचारले तेव्हा त्यांनी ‘सिकंदर साहेब’ असा पुकारा केला, असे स्किनरच्या आठवणी सांगतात. भारतीय सेनेत आजही ‘स्किनर्स हॉर्स’ या नावाने असलेल्या रेजिमेंटची परंपरा तेथून सुरू होते. इंग्रजी दप्तरात ‘स्किनर’ आणि स्वारांच्या तोंडी ‘सिकंदर’ अशी दोन नावे एकाच पथकाने वाहिली.

५

‘सिकंदर’ या नावाचा स्वतःचा प्रवासही ध्यानात घेण्यासारखा आहे. ग्रीक ‘अलेक्झांद्रोस’ अरबीत गेला तेव्हा त्यातील आरंभीचा ‘अल्’ हा अरबी उपपद समजला गेला आणि नाव ‘इस्कंदर’ उरले. फार्सीतून ते ‘सिकंदर’ होऊन आपल्याकडे आले. म्हणजे मुळात हे नावही एका गैरसमजाचे अपत्य आहे. स्किनरच्या स्वारांनी एका चुकलेल्या नावाला दुसरे चुकलेले नाव जोडले आणि त्यातून अर्थ मात्र अचूक साधला : त्यांचा सरदार हा जगज्जेत्याचा नामधारी.

भाषांतराच्या परिभाषेत बोलावयाचे तर नाव दोन प्रकारे नेता येते, ध्वनीने किंवा अर्थाने. स्किनरचे नाव ध्वनीने नेले की सिकंदर होतो, अर्थाने नेले असते तर तो ‘चर्मकार साहेब’ झाला असता. या दोन शब्दांत हिंदुस्थानी समाजाची सबंध उतरंड मावते. स्वारांना इंग्रजी येत नव्हते, तेव्हा त्यांनी अर्थ जाणूनबुजून टाळला, असे म्हणता येणार नाही. ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांनी तरी हा अर्थ कधी बोलून दाखविला काय, हा प्रश्न मात्र उरतो. स्किनर स्वतः त्यांपैकी एक होता. त्याला फार्सी उत्तम येत असे. १८२५ मध्ये हांसी येथे त्याने ‘तश्रीह-उल्-अक्वाम’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि सर जॉन माल्कम यांना भेट दिला. हिंदुस्थानातील जाती, पंथ, त्यांची उत्पत्ती आणि त्यांचे व्यवसाय यांचे त्यात सचित्र वर्णन आहे. ‘तश्रीह’ या अरबी शब्दाचा एक अर्थ स्पष्टीकरण आणि दुसरा शरीरविच्छेदन. कातडे सोलणाऱ्याच्या नावाचा मनुष्य समाजदेहाचा विच्छेद करणारा ग्रंथ लिहितो, हा योगायोग आहे आणि त्यावर अधिक भार टाकू नये. एवढे मात्र खरे की व्यवसायावरून माणसांची वर्गवारी करणाऱ्या ग्रंथाच्या कर्त्याचे आडनाव व्यवसायवाचक होते, आणि त्या आडनावावरून त्याची वर्गवारी कोणी करू शकत नव्हते.

६

आता ज्या प्रसंगाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. १८०० मध्ये राजपुतान्यात उणियाऱ्याच्या राजाविरुद्ध झालेल्या लढाईत स्किनरचे पथक कापले गेले आणि तो गोळी लागून रणांगणात पडला. बरोबर इतर जखमीही होते. रात्र थंडीची, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आणि एक पुरुष टोपली आणि पाण्याचे भांडे घेऊन आले. म्हातारीने प्रत्येक जखमीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी दिले. ती चांभार होती. स्किनरने घेतले. त्याच्या शेजारी पडलेल्या एका राजपूत सुभेदाराने घेतले नाही. जगावयाचे आहे म्हणून घे, असे स्किनरने त्याला विनविले. थोड्या घटकांच्या आयुष्यासाठी धर्म कशाला सोडू, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. स्किनर वाचला. पुढे त्याने त्या म्हातारीला एक हजार रुपये पाठविले आणि मी तुला आई मानतो, असा निरोप दिला. जगलो तर चर्च बांधीन, हा नवसही याच रणांगणावरचा म्हणून सांगितला जातो.

ही हकिकत स्किनरच्या आठवणींतून येते. जे. बी. फ्रेझर यांनी त्या त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८५१ मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. स्वतःविषयी लिहिणारा मनुष्य स्वतःला उजळ प्रकाशात ठेवतो, हे गृहीत धरूनच ती वाचली पाहिजे. तरीही सुभेदाराचा नकार ज्या तटस्थपणे नोंदविला आहे त्यावरून मूळ प्रसंग कल्पित वाटत नाही. लेखक त्याला हसत नाही. आईकडून राजपूत असलेल्या आणि आईला पडद्यापायी गमावलेल्या या माणसाला त्या नकाराचे वजन कळत होते, असे मानावयास जागा आहे.

मात्र आठवणींत एक गोष्ट नाही. पाणी देणारी आणि पाणी घेणारा यांची नावे एकाच अर्थाची आहेत, याची जाणीव कोठेही दिसत नाही. ‘चर्मकार’ आणि ‘स्किनर’ समोरासमोर आले होते. एकीला तिच्या नावामुळे मरणाऱ्या माणसाला पाणी देण्याचाही अधिकार नव्हता. दुसऱ्याचे नाव त्याच अर्थाचे असून त्याच्याकडून आज्ञा घेण्यास राजपूत सुभेदाराला काही आडकाठी वाटली नव्हती. सुभेदाराच्या लेखी एक अर्थ जिवंत होता आणि दुसरा ऐकूच येत नव्हता. भाषांतर न झाल्यामुळे त्या दिवशी नेमके काय हुकले, ते येथे दिसते.

येथे एक आक्षेप घेता येईल. इंग्रज ‘स्किनर’ फरचा व्यापारी, राजपुतान्यातील चांभार मेलेल्या जनावराचे कातडे काढणारा. तेव्हा दोन्ही शब्द समानार्थी मानणे म्हणजे कोशातील साम्याला समाजातील साम्य समजणे होय. आक्षेप योग्य आहे, आणि त्यातच या निबंधाचा मुद्दा आहे. कोश दोन शब्द एकमेकांसमोर ठेवतो, समाज त्यांना तसे उभे राहू देत नाही. समानार्थी शब्द मिळणे हे भाषांतराचे निम्मेच काम. उरलेले निम्मे त्या शब्दाने माणसाचे काय होते, हे सांगण्याचे. आपल्या संतपरंपरेने रोहिदासांच्या कथेत हे जाणले होते. ब्राह्मणांनी अधिकार विचारला तेव्हा रोहिदासांनी स्वतःच्या अंगाची त्वचा चिरून आतले सोन्याचे जानवे दाखविले, अशी ती आख्यायिका आहे. कातड्यावर काम करणाऱ्याला आपली योग्यता सिद्ध करण्यासाठी स्वतःचे कातडे सोलावे लागते, हे त्या कथेतील वैभव नव्हे, दुःख आहे.

७

विसाव्या शतकात महाराष्ट्रात असंख्य कुटुंबांनी जातिसूचक नावे टाकून गावावरून ‘कर’ प्रत्ययाची आडनावे घेतली. आंबडवे या गावावरून आलेले ‘आंबेडकर’ हे नाव तर पुढे स्वतःच एका अर्थविश्वाचे केंद्र झाले. दिल्लीतील वर्गांत आडनाव न लावणारे, किंवा ‘कुमार’ एवढ्यावरच थांबणारे विद्यार्थी प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. ‘पूर्ण नाव काय?’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारा सावधपणा ज्याने एकदा पाहिला, त्याला नामव्युत्पत्ती हा केवळ कोशाचा विषय वाटणार नाही. इंग्रजी ‘स्किनर’ला शतकांच्या ओघात जे आपसूक मिळाले, म्हणजे नावाचा अर्थ विसरला जाण्याचे स्वातंत्र्य, ते येथे प्रत्येकाला स्वतःहून मिळवावे लागते.

मोगल बादशहा दुसरा अकबर याने स्किनरला ‘नासिर-उद्-दौला’ आणि ‘गालिब जंग’ हे किताब दिले. कंपनीने पुढे त्याला पद आणि सन्मान दिला. स्वारांनी त्याला सिकंदर केले. एका माणसाला इतकी नावे मिळाली. उणियाऱ्याच्या रणांगणावरच्या म्हातारीला त्याने आई म्हटले, हजार रुपये पाठविले आणि आपल्या आठवणींत तिला जागा दिली. त्या आठवणींत ती आपल्याला भेटते ती मात्र फक्त तिच्या जातीच्या नावाने.